अण्णांची वही आणि डोक्यावरची हेलिकॉप्टरं

पत्र

मावशी, नमस्कार.

आम्ही बडोद्याला कारेलीबागेत सहाव्या मजल्यावर राहतो. घरात मी, हे, आठ महिन्यांची लेक आणि माझे सासरे, अण्णा. अण्णा ७८ वर्षांचे, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त. २०२४ च्या पुरापर्यंत ते समा भागातल्या जुन्या तळमजल्याच्या घरात एकटे राहायचे. पुरात घरात छातीभर पाणी आलं, शेजाऱ्यांच्या अगाशीवर दोन रात्री काढल्या, मग आम्ही त्यांना इकडे आणलं.

आमच्या डोक्यावरून लष्करी हेलिकॉप्टरं जातात. रोज नाही, पण जातात तेव्हा एकामागून एक, कधी संध्याकाळी, कधी रात्री नऊनंतर. लेक दचकून उठते, ओट्यावरचं भांड्यांचं स्टँड थरथरतं. अण्णा मात्र लांबून आवाज आला की चपला अडकवून, कागदांची पिशवी खांद्याला लावून अगाशीवर. वहीत वेळ, दिशा, किती, सगळं लिहितात. नंतर सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, '७.४२, तीन, आग्नेयेकडे.' परवा शेजारचे काका लिफ्टमध्ये म्हणाले, 'दादा, आ बंध करो, केस थई जशे.' अण्णांनी ते मनाला लावून घेतलंय. दोन दिवस धड जेवले नाहीत, वही मात्र उशाखाली.

ह्यांचं वेगळंच. आवाजाबद्दल डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालनालयाला, तक्रार लिहून ठेवलीय, त्यात वॉशिंग्टनच्या अपघाताची बातमी जोडलीय. वरच्या मजल्यावरचा मुलगा म्हणतो, 'आजोबा, ड्रोन सोडून जवळून शूटिंग काढून देतो.' मी मधल्या मध्ये. वही लपवून ठेवू का? तक्रार जाऊ द्यावी का? आणि लेकीच्या कानांना काही होईल का?

– कारेलीबागेतली सून

उत्तर

सूनबाई,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं वाचताना तुझं लक्ष तिथेच राहील. आठ महिन्यांचं बाळ मोठ्या आवाजाला दचकतं, रडतं, चिकटतं. म्हणजे त्याला ऐकू येतंय. डोक्यावरून मिनिटभरात निघून जाणाऱ्या आवाजाने, तेही घराच्या आत, कान बिघडत नाहीत. कानात कापसाचे बोळे मात्र घालू नकोस, ते आत सरकतात. उचलून घे, तिच्याशी बोलत राहा, तुझा आवाज तिच्या कानाशी जवळ असला की पुरे. ती कधी आवाजाला दचकतच नाहीशी झाली तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. दचकते म्हणून जायची गरज नाही.

आता भांड्यांचं स्टँड. तू सहज लिहिलंयस, पण मला ते फार आवडलं, कारण आमच्याकडेही तेच होतं. आधी पेले वाजतात, मग आवाज येतो. मला वाटायचं माझे कान गेले. मग भाच्याने समजावून सांगितलं. हवाई दलाचं मोठं हेलिकॉप्टर म्हणजे बहुतेक वेळा एमआय-१७, त्याच्या डोक्यावर पाच पाती. तो पंखा मिनिटाला साधारण १९० फेऱ्या मारतो. पाच पात्यांच्या हिशेबाने सेकंदाला सोळाच्या आसपास ठोके झाले. माणसाच्या कानाला सेकंदाला वीसच्या खालचं काही धड ऐकू येत नाही. पण भांड्यांना येतं. तुझ्या स्टीलच्या ताटल्या, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, देवघरातली घंटी, यांना तो ठोका तुझ्या आधी कळतो. पडदे जाड करून याच्यावर काही उपाय होत नाही. असला जाड, खालच्या पट्टीतला आवाज पडद्याला जुमानत नाही. पण थरथर थांबवता येते. स्टँडच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाल. खिडकीच्या खाचेत रबराची पट्टी मिळते, ती बसवून घे. बाळाला बऱ्याचदा हेलिकॉप्टर उठवत नाही, तुझं स्वयंपाकघर उठवतं.

ही हेलिकॉप्टरं आपल्याच डोक्यावरून का, हेही सांगते. हरणी विमानतळाला लागून दरजीपुऱ्याला हवाई दलाचं स्थानक आहे, आणि कारेलीबाग तिथून हाकेच्या अंतरावर. त्यातून ऑक्टोबर संपत आला की केवडियाच्या फेऱ्या वाढतात. ३१ ऑक्टोबरला सरदार पटेलांची जयंती, २०१८ साली त्याच दिवशी तो १८२ मीटरचा पुतळा उघडला, आणि तेव्हापासून दरवर्षी तिथे मोठा सोहळा. पाहुणे हरणीला उतरतात, पुढे हेलिकॉप्टरने जातात. पंतप्रधानांसारखं कुणी असलं की एकसारखी तीन उडतात, कुठल्या एकात कोण आहे ते बाहेरून कळू नये म्हणून. आणि आधी एक-दोन दिवस तशाच रिकाम्या फेऱ्या मारून सराव होतो. अण्णांनी '७.४२, तीन, आग्नेयेकडे' असं लिहिलं ना? आग्नेयेला केवडिया. तुझ्या सासऱ्यांच्या वहीवर माझा विश्वास बसलाय.

दौरा आहे, कार्यक्रम आहे, हे गुपित नाही. पेपरात छापून येतं, रस्ते बंद झाल्यावर रिक्षावाल्यालाही कळतं. पण कोणत्या मिनिटाला किती आणि कुठल्या दिशेला, हे पेपर छापत नाही. अण्णा नेमकं तेवढंच छापतायत.

त्यावर येतेच. पण आधी तुझ्या पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाच. 'कागदांची पिशवी खांद्याला लावून अगाशीवर.' तू ओघात लिहून पुढे गेलीस, मी तिथे थांबले. हेलिकॉप्टर बघायची हौस असलेला माणूस दुर्बीण घेतो, मोबाईल घेतो, नातवंडाला कडेवर घेतो. पेन्शनचे कागद घेऊन कुणी हौस भागवायला जात नाही.

ऑगस्ट २०२४ चे ते दिवस आठव. विश्वामित्री नदी ३७ फुटांपर्यंत चढली, अर्धं शहर पाण्यात, दिवे नाहीत, मोबाईल मेलेले, लष्कराच्या तुकड्या उतरलेल्या. दुसऱ्याच्या अगाशीवर भिजत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या दोन रात्रींत बाहेरच्या जगाची खूण म्हणून काय ऐकू येत असेल? आभाळातून काही घरघरलं की कुणीतरी येतंय, आणि ते निघून गेलं की आपल्यासाठी नव्हतं. हा माझा अंदाज आहे, चुकीचा असेल तर अण्णा सांगतील. पण मला वाटतं, ते लष्करावर नजर ठेवत नाहीयेत. ते पाण्यावर पहारा देतायत. सहाव्या मजल्यावर पाणी येत नाही हे त्यांच्या डोक्याला कळतं, पायांना कळत नाही. पाय आवाज आला की जिन्याकडे वळतात.

भीतीची ही तऱ्हा मला ठाऊक आहे. १९७१ च्या डिसेंबरात मी सातवीत होते, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात. जामनगरवर बॉम्ब पडल्याच्या बातम्या, म्हणून इकडेही संध्याकाळ झाली की दिवे मालवायचे. काचांना काळा कागद चिकटवताना खळीने माझी बोटं चिकट व्हायची. आईने देवापाशी निरांजन लावलं तरी खालून गल्लीतला स्वयंसेवक ओरडायचा, 'बत्ती बंध करो!' लढाई दोन आठवड्यांत आटोपली. माझी आई मात्र पुढे कित्येक वर्षं संध्याकाळी विमानाचा आवाज आला की हातातलं काम टाकून दिव्याच्या बटणाकडे बघायची. बंद नाही करायची, नुसती बघायची. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची कवायत झाली, आपल्याकडे भोंगे वाजले, दिवे गेले, तेव्हा मी स्वतः अंधारात काळा कागद शोधत होते. ६६ वर्षांची बाई! तेव्हा अण्णांना हसू नकोस, आणि नवऱ्यालाही हसू देऊ नकोस.

म्हणून वही लपवू नकोस. उशाखालची वस्तू काढून घेतली की माणूस झोप सोडतो, सवय सोडत नाही. ग्रुप मात्र थांबवायला हवा, आणि आजच.

शेजारच्या काकांचं बोलणं कडू होतं, पण अगदीच बिनबुडाचं नव्हतं. आपल्या घराच्या अगाशीवरून आभाळात बघणं हा गुन्हा नाही, वहीत वेळ लिहिणंही नाही. मी वकील नाही, पण एवढं सांगू शकते की १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा देशाच्या सुरक्षेला बाध येईल अशा हेतूने केलेल्या गोष्टींसाठी आहे, रेल्वेतून निवृत्त झालेल्या आजोबांच्या वहीसाठी नाही. पण २६ एप्रिल २०२५ ला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने जी सूचना काढली, ती फक्त वाहिन्यांना नव्हती. समाजमाध्यमं वापरणाऱ्या सगळ्यांना होती. संरक्षण दलांची कारवाई, सुरक्षा दलांची हालचाल थेट दाखवू नका. त्यात कारगिल, २६/११ आणि कंदाहारच्या विमान अपहरणाचे दाखले होते. ताजच्या बाहेर कॅमेरे लावून आपल्या वाहिन्यांनी काय दाखवलं आणि ते सीमेपलीकडे कोण बघत बसलं होतं, हे आपण सगळे जाणतो.

तुमच्या सोसायटीचा ग्रुप डोळ्यांपुढे आण. दीडशे-दोनशे माणसं असतील. त्यात फ्लॅट विकून नडियादला गेलेले आहेत, दोन ब्रोकर आहेत, इलेक्ट्रिशियन, पाण्याच्या जारवाला, आणि तीन नंबर असे की कुणाचे ते सेक्रेटरीलाही माहीत नाही. तिथून ओळ पुढे ढकलली गेली की ती अण्णांची राहत नाही. बहुतेक वेळा काही होणार नाही, हे खरं. पण एखाद्या तणावाच्या आठवड्यात पोलीस दारात आले, तर ७८ वर्षांच्या माणसाला मी पाण्यावर पहारा देत होतो हे हिंदीतून समजावून सांगावं लागेल. ते आपल्याला नको.

हे त्यांना 'केस होईल' म्हणून सांगू नकोस, ते एकदा लिफ्टमध्ये सांगून झालंय. रेल्वेच्या भाषेत सांग. अण्णा, लष्कराची स्पेशल गाडी कुठल्या स्टेशनवरून किती वाजता सुटली, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं असतं का? प्रतापनगरच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. त्यांच्या पिढीच्या रेल्वेवाल्यांनी ६५ आणि ७१ दोन्ही पाहिलंय.

फक्त, ग्रुपवर टाकायला काहीतरी लागेल. अण्णांना वही जेवढी हवी, तेवढंच कुणीतरी ती वाचायला हवंय. पावसाळ्यात महापालिका आजवा तलावाची आणि विश्वामित्रीची पातळी जाहीर करते, दिवसातून कितीदा तरी. ते आकडे ग्रुपवर अर्धवट, उशिरा, कुणाच्या तरी स्टेटसचे फोटो होऊन येतात. ते काम अण्णांचं. सकाळी एक ओळ, संध्याकाळी एक ओळ. पाऊस जोरात असला तर तासाला एक. अख्खी सोसायटी वाट बघेल, आणि तळमजल्यावरचे तर हात जोडतील. शिवाय अण्णांना जे हवंय, पाणी येतंय का नाही, ते आभाळात बघून कधीच कळत नव्हतं. पुलावरच्या पट्टीवर कळतं.

पावसाळा संपला की वहीत हेलिकॉप्टरंच असू देत, पण घरातल्या घरात. आणि तू ती वाच. खरंच सांगते, हात पुसून, शेजारी बसून वाच. कुठल्या वारी, किती वाजता जास्त जातात, हे तुझ्या घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? बाळाला रात्रीचं झोपवायचं साडेआठला की सव्वानऊला, हे अण्णा सांगू शकतील. 'आज मंगळवार, थांब जरा' असं त्यांनी म्हणावं, एवढंच मला हवंय. वर्कशॉपमध्ये ज्यांनी चाळीस वर्षं यंत्रांचे आवाज ऐकले, ते कान आहेत ते. पाच पात्यांच्या एमआय-१७ चा जड धबधबा, चार पात्यांच्या ध्रुवचा जरा हलका, घाईचा ठोका, तीन पात्यांच्या जुन्या चेतकची शिट्टीसारखी किरकिर, हे वेगळं ओळखायला त्यांना आठवडाही लागणार नाही. नाव कळलेल्या आवाजाची भीती निम्मी होते, असं मी आईच्या बाबतीत पाहिलंय. तिला वडिलांनी एकदा हरणीला नेऊन मुंबईचं विमान उतरताना दाखवलं होतं. बटणाकडे बघणं थांबलं नाही, पण कमी झालं.

कागदांच्या पिशवीचंही बघ. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून एक संच तुझ्या कपाटात, वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव. त्यांच्यासमोर ठेव. पिशवी सोडा असं म्हणू नकोस. दुसरा संच कोरडा आहे हे कळलं की पिशवी आपोआप खुंटीवर राहील, किंवा नाही राहणार. काही घाई नाही.

वरच्या मजल्यावरच्या मुलाला मात्र कान धरून सांग. या सगळ्यात खरा धोका त्याचा आहे. चालू विमानतळाच्या आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन वीतभरही उचलता येत नाही, आणि कारेलीबाग त्या आत आहे. कायदा बाजूला ठेव. खाली येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पंख्यात दोन किलोचं यंत्र गेलं तर काय होईल, हे उत्तरायणात मांजाने पक्ष्यांचं काय होतं ते बघणाऱ्या बडोदेकराला सांगायला नको. त्याच्या आईला भेट. आजच.

राहिले तुझे 'हे'. त्यांचा राग मला समजतो. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर उतरणाऱ्या प्रवासी विमानावर आदळलं, दोन्हींतली ६७ माणसं गेली. तिथल्या तपासात निघालं की हेलिकॉप्टरचा नेमून दिलेला रस्ता आणि विमानाचा उतरायचा रस्ता यांच्यात एका जागी ७५ फुटांचंच अंतर उरत होतं. पण ती गोष्ट तिथल्या आभाळाची, तिथल्या आखणीची. ती बातमी तक्रारीला जोडून त्यांनी एकच साधलंय, वाचणारा पहिल्या परिच्छेदातच म्हणेल की हा माणूस घाबरलाय. आणि पत्ताही चुकला. डीजीसीए नागरी विमानांचं बघतं. लष्करी विमानांना आपला नागरी विमानकायदा लागूच होत नाही, १९३४ चा होता तोही नव्हता आणि २०२४ चा नवा आलाय तोही नाही. ध्वनिप्रदूषणाचे ५५ आणि ४५ डेसिबल हे वस्तीचे दिवसा-रात्रीचे आकडे गरब्याच्या भोंग्यांवर चालतात, वायुदलाच्या पंख्यावर नाही.

तक्रार करू नये असं मी म्हणत नाही. आवाजाचा त्रास झाला म्हणून लिहिणारा देशद्रोही होत नाही, कुणी तसं म्हणालं तर हसून सोडून द्या. फक्त पत्र केंद्राच्या सार्वजनिक तक्रारींच्या पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, संरक्षण मंत्रालयाच्या नावे टाका, एक प्रत कलेक्टर कचेरीत द्या. एक पान. 'बंद करा' नाही, 'नियमित सराव असेल तेव्हा रात्री नऊनंतरच्या फेऱ्या वस्ती टाळून नेता येतील का' असा प्रश्न. पूर, दौरा, आणीबाणी यांना आमची हरकत नाही हे स्पष्ट. आणि खाली चार-पाच तारखा, वेळा. वेळा कुठून आणणार? घरात एकच माणूस आहे ज्याच्याकडे त्या आहेत. म्हणजे तुझ्या नवऱ्याला तक्रार करायची असेल तर वडिलांसमोर बसून वही उघडावी लागेल. पुरानंतर दोघं असे किती वेळा बसलेत, ते तू पत्रात लिहिलं नाहीस.

ग्रुपवर टाकलेल्या जुन्या ओळी पुसता येतील तेवढ्या अण्णांच्याच हातून पुसून घे, सेक्रेटरीला सांगून उरलेल्या काढ. काकांकडे एकदा वाटीभर लिलो चिवडो घेऊन जा. शेजारी आहेत, उद्या पूर आला तर जिन्यात तेच भेटणार.

बाळ किती वाजता झोपायला लागलं, अण्णा जेवायला लागले का, हे मला जरूर कळव. वहीच्या पानाचा फोटो मात्र पाठवू नकोस. मलासुद्धा नाही.

– तुझी मावशी